बारशाच्या दिवशी आमच्या दारातली रडारड

सगळ्यात आधी आली ती मिराबाई. गावातल्या बाया अजून अंगणं झाडून राहिल्या होत्या, आमच्या पाळण्याला दोरीसुद्धा बांधली नव्हती, आमचा लेक सोमेश्वर गालाला साबण फासून आरसा शोधत हिंडून राहिला, आन मी पुरणाच्या हातानं चुलीपुढं. तेवढ्यात ती दारात. संगं तिची सून संगिता आन तांड्यातल्या आणखी तिघी-चौघी, नवे फेटिये-कांचळी, त्यांचे घागरे-चोळ्या, घालून, अंगभर आरसे चमकवीत. मला म्हणायचं होतं, काहून गं इतक्या लवकर? पण मीच तर बांधावर तिच्या मागं लागले होते, लवकर ये, लवकर ये. गावातली बाई अशा बोलण्यावर दुपारी येते. ती खरंच लवकर आली.

थांब, घाईत उलटं झालं. आधी लिहायचं ते लिहिते. पद्मा आक्का, तुझ्या धाकट्या आशीचा साखऱ्याहून तुझ्या पायावर डोकं ठेवून दंडवत. तुझे गुडघे कसे हायेत? दाजींचा खोकला उतरला का? त्यांना म्हणावं, आता विडी सोडा, आन सोडत नसतील तर निदान खोकताना मोठ्यानं खोकू नका, तुला झोप लागत न्हाई. आमी सगळे खुशाल. लेकरू लई गुणाचं हाये. डोक्यावर एक केस न्हाई, अगदी आजोबावर, आमच्या म्हाताऱ्यावर गेलंय (केसानंच. स्वभावानं जाऊ नये म्हून मी नागनाथाला रोज हात जोडते). तू म्हणशील, फोन असताना पत्र काहून? तर आक्का, फोनवर मी 'तांडा' म्हणलं की तू फोन ठेवून देतीस. चार येळा ठेवलास. पत्र असं ठेवता येत न्हाई. ठेवलंस तरी तुझ्या सुना वाचतील. माझी शाळा तुला ठाऊक हाये, जोडाक्षर आलं की हात अडतो, तरी मी तीन दिवस बसून हे लिहून राहिले हाये. तवा तू पुरं वाच.

बारशाला तू आली न्हाईस. निरोप धाडलास, तांड्यातल्या बाया येणार असतील तर मी येत न्हाई. त्यो निरोप ऐकून आमचं म्हातारं म्हणलं, थोरली बहीण हाये, तिचं ऐक. मी म्हणलं, थोरली हाये म्हून मी तिच्या पाया पडते. पण बारसं माझ्या नातवाचं हाये.

आता मूळ गोष्ट. सूनबाईला, दिपाला कळा सुरू झाल्या तवाचं तू दुसऱ्याच्या तोंडून ऐकलंस, ते माझ्या हातचं वाच. ऑटो तांड्याच्या वळणावर बंद पडला. पोरगी कळवळून राहिली, सोमेश्वर ऑटोला लाथा घालून राहिला (जसं काही लाथेनं चालतंय). मिराबाईचा मालक लालसिंग, त्याची जीप दारात उभी होती. एक सवाल न इचारता त्यानं जीप काढली, आन मिराबाई पिठाच्या हातानंच आत चढली. हिंगोली येईपर्यंत दिपाचं डोकं तिच्या मांडीवर. दिपानं तिचा हात असा दाबला की बांगड्या फुटल्या. दवाखान्यात मी कागदाच्या खिडकीपुढं उभी, म्हातारं चहाला गेलेलं (त्याला प्रत्येक संकटात चहा लागतो), आन नर्स बाहेर येऊन म्हणली, आजी कोण? समोर मिराबाई होती, तिच्या हातात लेकरू दिलं. तुला ह्याचंच दुखतंय ना, की पयलं तिनं घेतलं? पण तिनं कसं घेतलं ते तुला कुणी सांगितलं न्हाई. मी धावत आले तर ती दोन्ही हात लांब करून उभी, आरतीचं ताट धरावं तशी, लेकराला अंगाला लागू न देता. मी म्हणलं, अगं, छातीशी धर ना, पडंल! तर म्हणली, "तुमाला चालंल का न्हाई, ठाऊक न्हाई ना, आशाबाई."

आक्का, तिथंच मी ठरवलं. बारशाला ही बाई माझ्या घरात, माझ्या पाळण्यापाशी उभी राहणार. कोण येवो, कोण न येवो.

तशी तिची माझी वळख बांधावरची. आमच्या वावराला त्यांचं वावर लागून हाये. खुरपणीच्या दिवसात ती तिकडनं येते, मी इकडनं जाते, आन दुपारी लिंबाखाली भाकरी सोडतो. ती भाकरीला बाटी म्हणते. तिचा ठेचा खाल्ला तर कानातनं वाफ निघते, आन माझं अंबाडीचं वरण खाऊन ती म्हणते, हे आजारी माणसाचं हाये का? एकदा अशाच गप्पा निघाल्या. मी म्हणलं, आमच्या गावात लेकरू झोपलं न्हाई की भेव घालतेत, झोप, न्हाई तर तांड्यावाले नेतील. वाटलं, रागावते का काय. तर ती हासूनच राहिली. म्हणली, आमच्यात आपल्या लोकांला गोर म्हणतेत आन तुमच्यासारख्यांला कोर, आन आमच्या तांड्यातबी लेकरं झोपत न्हाईत, तवा आमी म्हणतो, झोप, न्हाई तर कोर नेतील! मंग दोघी पोट धरून हासलो. इतक्या पिढ्यात ना त्यांनी आमचं एक नेलं, ना आमी त्यांचं. सोताचीच सांभाळता जीव जातोय, दुसऱ्याची कोण नेतंय!

पण बांधावर हासणं येगळं, घरात बोलावणं येगळं, हे मला बारशाच्या तयारीत कळलं. दिपाची आई, आपल्या वारंगा फाट्याच्या विहीणबाई, दोन दिवस आधीच आल्या होत्या. स्वभाव चांगला, पण फाट्यावर दुकान असल्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायची सवय. तांड्यातल्या बाया येणार म्हणल्याबराबर त्यांनी मला बाजूला घेऊन इचारलं, तुमच्या कोंबड्या कोंडल्या का? मी म्हणलं, विहीणबाई, आमी कोंबड्या पाळत न्हाई. तरी त्यांचा जीव शांत होईना. त्यांनी शेजारणीच्या कोंबड्या कोंडायला लावल्या.

तर मिराबाई दारात आली. तिनं हातातली टोपली खाली ठेवली, माझ्याकडं बघितलं, आन धावत येऊन माझ्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागली! साधं न्हाई, आक्का. सूर लावून. मधी मधी त्यांच्या बोलीत काही म्हणायची, पुन्हा सूर. मागनं संगिता आन बाकीच्या बायांनीबी तोंडावर पदर घेऊन तसाच सूर धरला. माझे हात पुरणाचे, ते मी वर धरलेले, आन मला काहीच उमजेना. तांड्यात कुणी गेलं का? लालसिंगाला काही झालं का? मी नुसती खांबासारखी उभी.

आता आमचं म्हातारं. त्यो ओसरीवर बाजेवर आडवा, माश्या बसू नये म्हून तोंडावरनं उपरणं घेऊन झोपलेला. ऐन बारशाच्या दिवशी झोपायचं काम त्याचंच. गल्लीतल्या बाया रडण्याच्या आवाजानं धावत आल्या, त्यांनी बघितलं, दारात बाया गळ्यात गळा घालून रडून राहिल्या, ओसरीवर ग्यानबा तोंड झाकून पडलेला. झालं. "ग्यानबा गेला गं बाई!" असा एकीनं हंबरडा फोडला. त्यो हंबरडा मारुतीच्या पारापर्यंत गेला. पारावरची माणसं डोक्याला रुमाल गुंडाळत आली. एकजण गवऱ्या कुठं हायेत ते इचारत थेट परसात. माझे धाकटे दीर, ज्यांचं आमच्या म्हाताऱ्याशी बैलाच्या भांडणावरनं कित्येक वरसं बोलणं न्हाई, ते आले आन बाजेच्या पायथ्याशी कोसळले. पाय धरले. दादा, मी चुकलो, मला न बोलताच गेलास, असं म्हणून ढसाढसा रडायला लागले. म्हाताऱ्यानं उपरणं काढलं. म्हणलं, "काय झालं? कोण गेलं?"

दीर म्हणले, "तू."

म्हातारं म्हणलं, "मी? कवा?"

(आक्का, देवाशपथ सांगते, त्यानं सोताची नाडी चाचपून पाह्यली.)

तिकडं विहीणबाईंनी दिपाच्या मांडीवरचं लेकरू उचललं, आतल्या खोलीत गेल्या, कडी घातली. आतनं वरडून राहिल्या, पाळण्याच्या दिवशी दारात रडतेत, असं कुठं असतंय का, मी म्हणलंच होतं! हे बराबर मिराबाईच्या कानावर पडलं. तिनं रडणं थांबवलं. माझ्या वर धरलेल्या हाताकडं बघितलं, कोरड्या डोळ्याकडं बघितलं. पदरानं तोंड पुसलं, टोपली उचलली आन संगिताला म्हणली, चाल.

आक्का, ती उंबरठ्याच्या बाहेर गेली असती तर पुन्हा कधीच आली नसती. बांधावर भेटली असती, ठेचा दिला असता, हासली असती. पण घरात न्हाई. मी धावत जाऊन टोपलीला हात घातला. म्हणलं, आधी मला सांग, तू रडलीस काहून? ती म्हणली, आमच्यात आपल्या माणसाला भेटलं की बाया गळ्यात पडून रडतेत. लई दिवसानं भेटलीस, कशी हायेस, तुझी माय कशी होती, माझी कशी होती, असं सगळं त्या रडण्यात म्हणायचं असतंय. समोरचीनंबी रडायचं असतंय. तुमी न्हाई रडल्या.

मी म्हणलं, अगं बये, आपण कालच तर बांधावर भेटलो की!

ती म्हणली, "बांधावर भेटलो. पण घरात आज पयल्यांदा आले. तेवढ्या सगळ्या वरसाचं रडणं राह्यलं होतं."

मंग माझ्याच्यानं राहवलं न्हाई. पुरणाच्या हातासकट मी तिच्या गळ्यात पडले (तिच्या नव्या ओढणीला पुरण लागलं ते अजून निघालं न्हाई). मला त्यांचा सूर येत न्हाई, म्हून मी माझ्या मनानं रडले. आधी आपल्या मायसाठी रडले, मंग त्या फुटलेल्या बांगड्यांसाठी, मंग दिपाला कळा आल्या तवा जे रडायचं राह्यलं होतं ते. ती तिच्या बोलीत, मी माझ्या बोलीत. बाया धावत आल्याच होत्या, त्याबी रिकाम्या काहून जातील? एकीला सासू आठवली, एकीला पुण्याला गेलेला लेक आठवला. आतली कडी निघाली आन विहीणबाई लेकरू घेऊन बाहेर आल्या, मला वाटलं भांडतील, तर त्याच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागल्या. त्यांना त्यांची माय आठवली होती. इतकं रडल्या की त्यांना भोवळ आली, आन मिराबाईनं त्यांना धरून खाली बसवलं.

संगितानं तिच्या पिशवीतनं गिलास काढला, माठातलं पाणी घेतलं आन विहीणबाईंच्या तोंडाला लावला. त्या गटागटा प्यायल्या. पिऊन झाल्यावर गिलासाकडं बघितलं. आमच्या घरचा नव्हता त्यो. त्यावर लालसिंगाचं नाव कोरलेलं. विहीणबाईंनी नाव वाचलं. त्यांनी गिलास पुढं केला आन म्हणल्या, आणखी दे गं पोरी.

पण आक्का, माझी नजर त्या पिशवीवर होती. त्यात सगळ्याजणींचे गिलास होते, कापडात गुंडाळलेले. मी संगिताला इचारलं, हे काहून आणले? पोरगी खाली बघून म्हणली, आमच्या म्हाताऱ्या बायांनी सांगितलं, गावात पाणी वरनं ओततेत, आपला गिलास संगं न्यावा, म्हणजे कुणालाच तकलीफ न्हाई. ती लोकं लेकराच्या बारशाला येताना आमची अडचण होऊ नये म्हून गिलास घेऊन येतेत, आन आमी कोंबड्या कोंडतो! मी त्यो पिशवीतला सगळा माल घेतला, आमच्या गिलासांसंगं एकाच परातीत घासला आन एकाच ताटात मांडला. त्यानंतर दिवसभर कोण कोणाचा गिलास घेऊन प्यायलं, ते परमेश्वराला ठाऊक. आता आमच्या मांडणीत दोन गिलास त्यांचे हायेत, आन आमचा चांगला पितळी तांड्यात गेला. मी परत मागणार न्हाई.

मंग पाळणा. लेकरू पाळण्याखालनं घ्यायला एका बाजूला विहीणबाई होत्या. दुसरी जागा तुझी होती, आक्का. आपल्या घरात प्रत्येक लेकराच्या येळी तीच तुझी जागा. बायांनी माझ्याकडं बघितलं. मी मिराबाईला हात धरून तिथं उभी केली. ती मागं मागं सरकून राहिली. मी म्हणलं, आज छातीशी धरायचं. तिनं धरलं. बराबर धरलं. तिनं आणलेलं टोपडं लेकराला घातलं, कवड्या आन बारीक आरसे लावलेलं, सोताच्या हातानं शिवलेलं. लेकराचे डोळे तिच्या कांचळीच्या आरशात असे अडकले की कानात कुर्र केलं तरी त्यानं मान वळवली न्हाई.

सगळंच गोड झालं असं मी लिहिणार न्हाई, खोटं कशाला. दोन घरच्या बाया न जेवता गेल्या. एकीनं जाताना टोमणा मारला, आता आशाबाई फेटिया घालतील. मी म्हणलं, मिळाला तर घालीन, आरसे लई छान दिसतेत. त्यांच्या घरी मी मुद्दाम पुरणाचा डबा धाडला. डबा रिकामा परत आला. पुरण काही परत आलं न्हाई. तवा त्याबी येतील हळूहळू. मी सोडणार न्हाई. आन माझे दीर? ते उठून निघाले तर म्हातारं म्हणलं, रडलासच हायेस तर आता जेवूनच जा. दोघं एका ताटाशी बसले. बोलले न्हाईत, पण एकानं दुसऱ्याच्या पोळीवर तूप वाढलं.

बस, आता हात दुखला. तुझ्या घरच्या सगळ्यांना ज्याचा त्याचा मान, लेकरांना मुके. थोडं लिहिलंय असं समजू नको, लई लिहिलंय, तवा दोनदा वाच.
तुझी धाकटी,
आशा

मागून आठवलं: हे पत्र घेऊन आलेला माणूस तुझ्या ओट्यावर उभा असंल. त्योच लालसिंग. औंढ्याला भाडं घेऊन येणार होता, म्हून त्याच्याच हाती दिलं. पत्र वाचून होईपर्यंत त्याला उभा ठेवला असशील तर आधी आत बोलाव. दाजी ज्या कपात पितेत त्या कपात चहा दे. साखर जास्त, त्याला कमी साखरेचा आवडत न्हाई.

आणखी एक: श्रावणातल्या पयल्या सोमवारी लेकराला नागनाथाच्या पायावर घालायचं हाये. जीप लालसिंगाचीच. मिराबाई, संगिता, दिपा आन लेकरू येतेत. मला यायला जमणार न्हाई, म्हाताऱ्याला एकट्याला सोडलं की त्यो झोपतो आन गाव गोळा होतं. मुक्काम तुझ्या घरी. मी त्यांना इचारून न्हाई, सांगून मोकळी झाले की माझ्या थोरल्या बहिणीचं घर हाये, लाजू नका. लेकरू जीपमधी मिराबाईकडंच शांत राहतंय, म्हून त्ये तिच्या मांडीवर असंल. तुला त्याला बघायची किती आस हाये ते मला ठाऊक हाये, दिपाच्या फोनवर तू रोज फोटू मागतीस. तर तुला त्ये तिच्या हातातनंच घ्यावं लागंल. तिला दारात ठेवलंस तर त्येबी दारातच राहील. मिराबाई आल्या आल्या गळ्यात पडून रडंल. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेव. तूबी रड. तुझ्याजवळ रडण्यासारखं माझ्याहून जास्त हाये.

आन शेवटचं: लेकराचं नाव काय ठेवलं ते मी ह्या पत्रात लिहिलं न्हाई, विसरले म्हून न्हाई. दिपाला, सोमेश्वरला, लालसिंगाला, सगळ्यांना ताकीद दिली हाये. नाव तुला मिराबाई सांगंल, तुझ्या घरात बसून, पाणी पिऊन झाल्यावर. तू दार कसं उघडलंस ते मला तिच्या तोंडाकडं बघूनच कळंल. तुझ्याकडनं निघाल्या की त्या थेट माझ्याकडं यायच्या हायेत, तसा शब्द त्यांनी दिलाय. मंगळवारी.